किती शेतांवरून मंडळाचा उतारा सांगावा?

शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपल्याकडे म्हणतात, आणि स्वयंपाकघरापुरते ते अगदी खरे आहे. एका पातेल्यात, एका पाण्यात, एकाच आचेवर भात शिजलेला असतो. त्यातील एक शीत चेपून पाहिले की उरलेल्या शितांविषयी खात्रीने बोलता येते. पातेले चार माणसांचे असो की लग्नाच्या पंगतीचे, शीत एकच पुरते. परंतु हीच म्हण शेतात नेली की ती फसविते. नदीकाठच्या काळ्या रानातील सोयाबीन आणि माळावरच्या मुरमाड तुकड्यातील सोयाबीन यांची पेरणी एकाच दिवशी झाली, बियाणे एकाच पिशवीतील होते, तरी त्यांचा उतारा सारखा येत नाही. तेथे एका शितावरून, किंबहुना दहा शितांवरूनही, संपूर्ण मंडळाविषयी बोलताना जपून बोलावे लागते.

हा विषय आज मांडण्याचे कारण असे की, नमुना पाहणीतील नमुन्याची संख्या ही आता केवळ संख्याशास्त्रज्ञांच्या चर्चेची बाब राहिलेली नाही. खरीप २०२५ साठी राज्य शासनाने पीक विमा योजनेचे स्वरूप बदलले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनावर ठरविण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे आपल्या महसूल मंडळात जी थोडी शेते निवडली जातील, त्यांतील प्रत्येकी अर्ध्या गुंठ्याच्या तुकड्यावर हजारो खातेदारांचा हिशेब उभा राहणार आहे. त्या शेतांची संख्या किती असावी, हे समजून घेण्याचा हक्क त्या खातेदारांना आहे, आणि ते समजावून सांगणे आम्हा कृषी अधिकाऱ्यांचे काम आहे.

प्रथम प्रयोगाची रीत थोडक्यात पाहू. निवडलेल्या गावातील निवडलेल्या शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून, यदृच्छेने मिळालेल्या अंकांइतकी पावले लांबीच्या व रुंदीच्या दिशेने मोजून एक बिंदू ठरवितात. त्या बिंदूपासून टेप धरून, खुंट्या ठोकून, दोरी ताणून एक चौकोन आखतात. अनेक पिकांसाठी तो १० मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे ५० चौरस मीटरांचा असतो. त्यातील पीक कापून, मळून, दाणे तोलतात व पुढे वाळवून ओलाव्याची घट काढतात. या चौकोनाचे वजन २०० ने गुणिले की हेक्टरी उतारा मिळतो. तोलताना एक किलोची चूक झाली तर हेक्टरी दोन क्विंटलांची चूक झाली, एवढे जरी लक्षात ठेवले तरी काटा पारखून घेण्याची गरज वेगळी सांगावी लागणार नाही.

आता संख्येकडे वळू. पाहणी कोणतीही असो, बीजप्रक्रिया किती शेतकरी करतात ही असो की गव्हाचा सरासरी उतारा ही असो, आमच्या कचेऱ्यांतून एक ठरीव उत्तर मिळते : ‘दहा टक्के घ्या.’ हे दहा टक्के कोठून आले हे कोणी विचारीत नाही. मी स्वतः सेवेच्या पहिल्या वर्षांत अशाच दहा टक्क्यांवर अहवाल लिहिले आहेत आणि ते मान्यही झाले आहेत. परंतु हा नियम मोठ्या जागी व्यर्थ खर्च करवितो आणि लहान जागी खोटा दिलासा देतो. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

समजा, शेताशेतांतील उताऱ्याचा फरक सरासरीच्या सुमारे ४० टक्के आहे. हा फरक म्हणजे संख्याशास्त्रातील प्रमाण विचलन होय. आपल्याला सरासरी अशी हवी की, वीसपैकी एकोणीस वेळा ती खऱ्या सरासरीच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे राहावी. ठोकळ हिशेब असा : ४० ची दुप्पट ८०, त्यास १० ने भागून ८, आणि ८ चा वर्ग ६४. म्हणजे चौसष्ट शेते पाहावयास हवीत. आता ज्या तालुक्यात हे पीक घेणारे वीस हजार शेतकरी आहेत तेथे हा आकडा चौसष्टच राहतो. दहा टक्क्यांच्या नियमाने मात्र तेथे दोन हजार शेते पाहावी लागली असती. उलट एखाद्या लहान गावी अवघे साठ शेतकरी असतील, तर लहान समूहाची सूट धरूनही एकतीस शेते लागतात; आणि दहा टक्क्यांचा नियम तेथे सहा शेतांवर समाधान मानतो! वीस हजारांस चौसष्ट आणि साठांस एकतीस, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास विपरीत वाटते. परंतु पंगतीच्या पातेल्याची आठवण ठेवली तर विपरीत वाटण्याचे कारण नाही. नमुना किती घ्यावा हे समूहाच्या आकारावरून फारसे ठरत नाही. समूहात विविधता किती आहे आणि आपल्याला चूक किती परवडते, या दोन गोष्टींवरून ते ठरते.

या हिशेबात आणखी एक कडू गोष्ट दडलेली आहे. चूक निम्म्यावर आणावयाची तर नमुना दुप्पट करून भागत नाही, तो चौपट करावा लागतो. १६ शेतांवरून जितकी अचूकता मिळते तिच्या दुप्पट अचूकतेस ६४ शेते लागतात, आणि चौपटीस २५६. त्यामुळे पहिली काही शेते फार मोलाची असतात व पुढची प्रत्येक शेत थोडी थोडी कमी मोलाची होत जाते. ‘जितके अधिक तितके चांगले’ असे म्हणणे सोपे आहे, परंतु कापणीच्या पंधरवड्यात एका कर्मचाऱ्यामागे किती चौकोन मोजावयाचे याला मर्यादा आहे.

हो-नाही स्वरूपाच्या पाहणीत हिशेब निराळा, पण तत्त्व तेच. किती टक्के शेतकरी बीजप्रक्रिया करतात हे दहा टक्क्यांच्या फरकाने सांगावयाचे असेल तर सुमारे शंभर जणांस विचारावे लागते. पाच टक्क्यांच्या फरकाने हवे असेल तर सुमारे चारशे जणांस.

आता विम्याच्या प्रयोगांकडे येऊ. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रयोगांची किमान संख्या विमा घटकाच्या पातळीवरून ठरविलेली आहे : जिल्हा हा घटक असल्यास चोवीस, तालुका असल्यास सोळा, महसूल मंडळ असल्यास दहा. मंडळातील जमीन एकजिनसी आहे की अर्धी काळी व अर्धी बरड आहे, याचा या संख्येशी काही संबंध नाही. धरणाच्या कालव्याखालील गव्हाच्या मंडळास दहा आणि डोंगरउताराच्या कोरडवाहू मंडळासही दहाच.

दहा प्रयोगांतून काय हाती लागते ते पाहू. पुढील वजने केवळ समजण्यासाठी घेतली आहेत. दहा चौकोनांत सोयाबीन अनुक्रमे ८, ३, ६, ५, २, ७, ४, ९, ५ व ६ किलो भरले. बेरीज ५५, सरासरी साडेपाच किलो, म्हणजे हेक्टरी ११ क्विंटल. कागदावर ‘११ क्विंटल’ असा आकडा उमटतो आणि तो पुढे सर्वत्र ११ क्विंटल म्हणूनच फिरतो. परंतु याच दहा वजनांचे प्रमाण विचलन काढले तर ते २.१७ किलो येते. त्यास दहाच्या वर्गमुळाने भागले की सरासरीची संभाव्य चूक ०.६९ किलो, म्हणजे हेक्टरी सुमारे १.३७ क्विंटल निघते. तिची दुप्पट पावणेतीन क्विंटल. अर्थात खरी सरासरी सव्वाआठ क्विंटल असू शकेल, पावणेचौदाही असू शकेल. हे दहा चौकोन प्रामाणिकपणे मोजले, काटा खरा होता, कोणी खुंटी हलविली नाही, एवढे सर्व गृहीत धरून ही स्थिती आहे.

यावरून शेतकऱ्याच्या पदरात काय पडते? मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घेऊन तीस जोखीमस्तराने गुणून जे उंबरठा उत्पादन निघते, ते एखाद्या मंडळात १० क्विंटल आहे असे समजा. त्या वर्षी मंडळाचा खरा उतारा ९ क्विंटल आला. म्हणजे घट दहा टक्के; विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली तर प्रत्येक हेक्टरास ५,००० रुपये मिळावयास हवेत. परंतु शेताशेतांतील फरक ४० टक्के असेल आणि प्रयोग दहाच असतील, तर त्या दहांची सरासरी १० क्विंटल किंवा त्याहून अधिक निघण्याचा संभव पाचांत एक एवढा आहे. अशी पाच मंडळे एकसारखी पीडित असली, तर त्यांपैकी एका मंडळास केवळ निवडीच्या योगायोगामुळे काहीच मिळणार नाही. तेथील शेतकरी शेजारच्या मंडळाकडे पाहून अन्याय झाला असे म्हणतील, आणि त्यांना उत्तर देताना आम्ही प्रयोगाची कागदपत्रे दाखवू. कागदपत्रे निर्दोष असतील आणि अन्यायही खरा असेल. प्रयोग चाळीस केले तर हाच संभव पंचविसांत एकावर येतो. तराजूचे दुसरे पारडेही विसरता कामा नये : ज्या मंडळाचा खरा उतारा ११ क्विंटल आहे, म्हणजे ज्यास भरपाईचे कारणच नाही, त्यासही दहा प्रयोगांच्या भरवशावर सुमारे चारांत एक वेळा भरपाई मिळून जाईल. योगायोग कोणाचा कैवार घेत नाही, परंतु ज्याचे पीक गेले त्यास हे समाधान पुरत नाही. शिवाय उंबरठा उत्पादन हेदेखील मागील वर्षांच्या अशाच थोड्या प्रयोगांतून आलेले असते, हे निराळेच.

दहा प्रयोग हे खरोखर दहा असतात का, हाही प्रश्न आहे. सोयीसाठी एका गावात दोन शेते घेण्याची पद्धत आहे. एका गावावर पाऊस एकाच वेळी पडतो किंवा ओढ देतो. पेरणी दोन-चार दिवसांच्या अंतराने होते. जमीनही पुष्कळदा सारखी असते. त्यामुळे दुसरे शेत पहिल्याचीच बरीचशी साक्ष पुन्हा देते. पाच गावांतील दहा शेते ही माहितीच्या दृष्टीने सात-आठ स्वतंत्र शेतांएवढीच भरतात. यास्तव शेते वाढविण्यापेक्षा गावे वाढविणे हे बहुधा अधिक फलदायी ठरते, जरी त्यासाठी कर्मचाऱ्यास अधिक पायपीट करावी लागली तरी.

येथे कोणी म्हणेल की, मग प्रत्येक मंडळात चाळीस-पन्नास प्रयोग करा म्हणजे झाले. माझे मत तसे नाही. महसूल, कृषी व ग्रामविकास या तिन्ही खात्यांचे कर्मचारी हे काम आपापली अन्य कामे सांभाळून करतात, आणि सोयाबीन किंवा बाजरी कापणीस आली म्हणजे ती कोणासाठी थांबत नाही. संख्या झेपेनाशी झाली की प्रयोग शेतावर होत नाहीत, टेबलावर होतात. आणि टेबलावर झालेल्या पन्नास प्रयोगांपेक्षा शेतावर झालेले दहा केव्हाही बरे. भ्रमणध्वनीवरून छायाचित्र व स्थान नोंदविण्याची सोय झाल्यापासून शेतावर न जाता आकडा भरणे अवघड झाले आहे, ही चांगली गोष्ट होय. परंतु छायाचित्रात चौकोन दिसतो, तो चौकोन मोजलेल्या पावलांवरच पडला की पीक बरे दिसले तेथे सरकला, हे दिसत नाही.

संख्येने चूक कमी होते, परंतु कल कमी होत नाही, हा भेद आपल्या देशात फार पूर्वीच ओळखला गेला आहे. बिहार-ओरिसातील भाताच्या उताऱ्यासाठी यदृच्छ नमुन्याने कापणी करण्याची हबॅक यांची पद्धत १९२७ साली प्रसिद्ध झाली. १९३७ पासून प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमध्ये तागाच्या मोठ्या नमुना पाहण्या केल्या. लहान लहान पुष्कळ चौकटी कापाव्यात असा त्यांच्या पद्धतीचा कल होता. आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्या वेळी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेत होते. त्यांनी १९४० च्या दशकात प्रत्यक्ष कापणी करून दाखविले की, अतिशय लहान चौकटींतून उतारा वाजवीपेक्षा अधिक निघतो. कारण साधे आहे : चौकट जितकी लहान तितकी तिची कड क्षेत्राच्या मानाने मोठी, आणि कडेवरचे ताट आत धरावे की बाहेर अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. अशा चौकटी शंभर घ्या की हजार घ्या, आकडा फुगलेलाच राहील. फक्त तो अधिक ठामपणे फुगलेला राहील. या दोन थोर पुरुषांचा वाद पुष्कळ वर्षे चालला. सुखात्मे व विनायक गोविंद पानसे यांनी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील ग्रंथ १९५४ साली परिषदेने प्रसिद्ध केला, आणि पुढे कृषी पदवीधरांच्या कित्येक पिढ्या त्यावर अभ्यास करून बाहेर पडल्या. आमच्यापैकी बहुतेकांनी तो परीक्षेपुरता वाचला, ही गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे.

कल कसा शिरतो याचा मला आलेला अनुभव सांगतो. सेवेत नवा असताना बीजप्रक्रियेची पाहणी मजकडे आली. मी गावोगावच्या शेतकरी मेळाव्यांत उपस्थितांनाच विचारून घेतले. संख्या भरघोस झाली आणि बहुतेकांनी ‘होय, आम्ही बियाण्यास औषध चोळतो’ असे सांगितले. पुढल्या हंगामात एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सांगण्यावरून खातेदारांच्या यादीतून यदृच्छेने नावे काढून थोड्याच शेतकऱ्यांच्या घरी गेलो, तेव्हा चित्र उलटे निघाले. मेळाव्यास येतो तो शेतकरी मुळातच सल्ला ऐकणारा असतो; जो येत नाही त्यासच विचारावयाचे राहिले होते. मी आणखी पाचशे उपस्थितांना विचारले असते तरी माझा अहवाल तितकाच चुकीचा राहिला असता, आणि पाचशेंच्या आकड्यामुळे कोणी त्यावर शंकाही घेतली नसती.

तेव्हा करावे काय? माझ्या मते प्रयोगांची किमान संख्या मंडळ, तालुका अशा पातळीवरून न ठरविता मागील वर्षांच्या वजनांवरून ठरवावी. ही वजने आमच्या दप्तरी आहेत. प्रत्येक मंडळाची, प्रत्येक पिकाची. त्यांतून विचलन काढणे हे एका दुपारचे काम आहे. ज्या मंडळात ते सरासरीच्या २० टक्क्यांच्या आसपास आहे, तेथे वर सांगितलेल्या हिशेबाने सोळा प्रयोगांत दहा टक्क्यांची अचूकता मिळते. जेथे ते ४० टक्के आहे तेथे त्याच अचूकतेस चौसष्ट लागतात. इतके करणे शक्य नसेल तर निदान मंडळाचे दोन भाग करावेत, भारी जमिनीची गावे एकीकडे व हलक्या जमिनीची दुसरीकडे, आणि पेरणी क्षेत्राच्या प्रमाणात दोहोंतून प्रयोग घ्यावेत. नाहीतर असे होते की, यदृच्छेने दहापैकी आठ शेते ओढ्याकाठची निघतात आणि माळावरच्या शेतकऱ्याच्या वाट्यास त्याचे नसलेले उत्पन्न येते. भाग पाडण्यास जादा मनुष्यबळ लागत नाही. मृदा नकाशा आणि गावची माहिती असलेला माणूस एवढे पुरते.

दुसरी गोष्ट याहूनही सोपी आहे, म्हणूनच कदाचित ती कोणी करीत नाही. मंडळाचा उतारा प्रसिद्ध करताना त्यापुढे प्रयोगांची संख्या व संभाव्य चूक छापावी. ‘११ क्विंटल’ असे न लिहिता ‘११ क्विंटल, प्रयोग १०, संभाव्य चूक १.३७ क्विंटल’ असे लिहावे. यामुळे तंटे वाढतील अशी भीती काही सहकारी व्यक्त करतात. तंटे आजही होतात. फरक इतकाच की आज शेतकरी आकडा खोटा आहे असे म्हणतो आणि आम्ही तो खरा आहे असे म्हणतो, आणि दोघांच्याही बोलण्यात अर्थ नसतो. चूक छापली गेली तर जेथे ती अवाजवी मोठी आहे ती मंडळे डोळ्यांपुढे येतील, आणि पुढील वर्षी जादा प्रयोग कोठे द्यावेत हे वेगळे शोधावे लागणार नाही.

हेच सूत्र आपल्या स्वतःच्या प्रयोगांसही लावून पाहावे. एखाद्या शेतकरी बंधूने नवे वाण एका वाफ्यात व जुने दुसऱ्या वाफ्यात लावले आणि नव्याने दोन मण अधिक दिले, तर तो वाणाचा गुण की वाफ्याचा, हे सांगता येत नाही. दोन्ही वाणे चार-पाच ठिकाणी आलटून पालटून लावली तर थोडेफार सांगता येते. आमच्या पीक प्रात्यक्षिकांस हाच आक्षेप लागू पडतो, कारण ती बहुधा उत्तम शेतकऱ्याच्या उत्तम रानात घेतली जातात.

ज्यांचे शेत यंदा प्रयोगासाठी निघेल त्यांना काही विनंत्या आहेत. कापणीची तारीख ठरताच ती संबंधित कर्मचाऱ्यास कळवावी, आणि चौकोन आखला जाईपर्यंत त्या गटातील पीक उभे ठेवावे. निवडलेला गट गैरसोयीचा म्हणून शेजारचा घ्या असा आग्रह धरू नये. पीक बुडालेले असले तरी धरू नये, कारण बुडालेले शेत वगळले की मंडळाची सरासरी तेवढ्याने चढते. पावले मोजताना, खुंट्या ठोकताना आणि दाणे तोलताना स्वतः हजर राहावे. काटा रिकामा असताना शून्यावर आहे की नाही हे पाहावे, आणि लिहिलेले वजन वाचून मगच सही करावी.